आधी कान, मग पंजे

प्रिय सरू,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. तू कायम दहा पावलांवर, चुलीपाशी. शिवाय माझी शाळा चौथीपर्यंत. पण लोणावळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितलं आहे. आपल्या गाईड कुत्र्यानं काय खाल्लं, हिरड्यांचा रंग कसा, लघवी कशी, रोज लिहायचं. आजचं लिहून झालं आणि पान उरलं. एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

तुझा कुत्रा माझ्यामुळे मरायला टेकला होता.

तू गेल्यावर महिनाभर तो ठीक होता. ट्रेकवाल्यांना लोहगडावर पोचवून यायचा, भाकरी खायचा. मग तुझ्या मासिक श्राद्धाच्या दिवशी आपल्या मंगलनं पान वाढलं आणि त्याच्यापुढेही घास ठेवला. त्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि उंबऱ्यापाशी तुझ्या जागेवर जाऊन पडला.

सगळी वाडी हळहळली. शेजारची कौसाबाई म्हणाली, "बघा भाऊ, मान्सं इसरत्यात, पन ह्यो इसरला न्हाई. मालकिणीसाठी झुरतोय."

खरं सांगू? मला बरं वाटलं गं! तुझ्यासाठी रडणारा मी एकटाच नाही, असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तो जेवला नाही. आपल्या टपरीवर ताक प्यायला येणाऱ्यांना मीच हौसेनं सांगायचो, ते त्याचे फोटो काढायचे. आणि हे सांगणारा मी कोण? तर गॅस बंद केला का बघायला चार वेळा उठणारा, वारा सुटला की छपरावरचे दगड मोजणारा माणूस! जन्मभर नको तिथं काळजी केली आणि हवी होती तेव्हा कौतुक करत बसलो.

मासिक झाल्यावर टाकव्याला गेलेली मंगल तिसऱ्या दिवशी परत आली. तिनं त्याच्या कानाला हात लावला आणि ओरडलीच.

"आबा, कान भाजतोय ह्याचा! आन् लघवी बघितली का? कोऱ्या चहावानी हाय. ह्यो झुरत न्हाई, आजारी हाय."

"मग माझी तापाची गोळी देऊ का अर्धी?"

"काय बी देऊ नका! जीप बोलावते, उचला त्याला."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. मी आपलं त्यांनाही सांगितलं, की मालकीण गेल्याचं दुःख आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "आबा, दुःखानं कुत्रा एखादा दिवस जेवत नाही. पण दुःखानं हिरड्या पांढऱ्या होत नाहीत."

मग त्यांनी त्याच्या बोटांची बेचकी उघडून दाखवली. गोचिडी! कानात, मानेखाली, शेपटीच्या बुडाशी. रक्त तपासलं, गोचीडताप निघाला. माणसाची तापाची गोळी कुत्र्याला विषासारखी, आणि म्हशीचं गोचिडाचं औषध त्याला चोळलं असतं तर तेही, असं म्हणाल्या. ती बाटली घरात हाताशीच होती, सरू.

"रोज कोण बघायचं ह्याचं अंग?" त्यांनी विचारलं.

तू बघायचीस, सरू. रोज संध्याकाळी टपरी आवरली की तू पायरीवर बसायचीस, गाईडला मांडीवर घेऊन बोटं फिरवायचीस. शेजारी पत्र्याचा डबा, त्यात साबणाचं पाणी. मला वाटायचं, हात धुवायला आहे. मी चेष्टा करायचो, "काय गं, कुत्र्याचं पार्लर काढलंस व्हय?" तू म्हणायचीस, "तुमी बसा काळजी करत, मी बघते."

ते लाड नव्हते, तू गोचिडी शोधत होतीस. मग नीट सांगितलं का नाहीस मला? की सांगितलंस आणि मीच ऐकलं नाही?

आणखी एक सलतं. तुझ्या पायांना सूज यायची. दिवसभर उभी असते म्हणून येते, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. तुलाही तेच पटवलं, आणि दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. दोन्ही वेळा मी मला सोसेल ते कारण धरलं.

आज गोळ्यांचा पंधरावा दिवस. बरा दिसला तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, अशी ताकीद आहे. घरातल्या फटी झाडल्या, त्याचं पोतं उकळत्या पाण्यात काढलं. तो अर्धी भाकरी खातो. गड अजून लांब आहे. विहिरीपर्यंत जाऊन धापा टाकत परततो. हिरडी बोटानं दाबली की पांढरी होते, सोडली की रंग परत येतो. आज वहीत पहिल्यांदा 'गुलाबी' असं लिहिलं. मग डोळे पुसून परत जाऊन बघितलं. गुलाबीच!

तुला माहीत आहे, तू असताना मी त्याला कधी हात लावला नाही. आज संध्याकाळी तुझ्या पायरीवर बसलो, चिमटा आणि तुझा डबा घेऊन. कान बघितले, मान बघितली. काही सापडलं नाही, म्हणून उठायला लागलो. तर गाईडनं आपणहून पुढचा पंजा माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटं फाकवली. तो झाला, की दुसरा. तुझा क्रम त्याला पाठ आहे गं!

दुसऱ्या पंजात एक गोचीड सापडली. चिमट्यानं अगदी कातडीपाशी धरली, सरळ ओढली आणि डब्यात टाकली.

आता रोज संध्याकाळी पायरीवर बसेन, सरू. आधी कान, मग मान, मग चारही पंजे. आणि मंगल परवा म्हणाली, चालताना तिचे पाय भरून येतात. मी कारण सांगणार नाही. तिला सोबत घेऊन डॉक्टरकडे जाईन.

तुझा,
मंगलचे आबा