मराठीचं काढ

५ जानेवारी, रविवार
सकाळपासून धुकं. दुपारी जेवताना ॲपांची पंचायत भरली. सरपंच अर्थात मिलिंद. चार ॲप्सचे पैसे भरतो, पाचवं फुकटचं, आणि रोज 'काय लावायचं' यातच अर्धा तास जातो, भात गार होतो आणि शेवटी बातम्या बघून उठतो. हे त्याचं भाषण. खोटं नाही. "तीनच ठेवायचे. कोणते ते ठरवा," म्हणून मोकळा झाला.

क्रिकेटवालं जाणार नाही (मि.). इंग्रजीवालं जाणार नाही. रेवा म्हणाली, "मम्मी, कॉलेज में सब वही देखते हैं. मी काय बोलू त्यांच्याशी?" म्हणजे जागा एक आणि उमेदवार तीन. सामान घरपोच देणाऱ्या कंपनीचं, कोरियन मालिकांचं आणि मराठीचं. सामानवालं मि.ने स्वतःच कापलं. मराठीचं मोबाइलच्या रिचार्जबरोबर महिनाभर फुकट आलंय, बाराला संपतंय. पुढे चालवायचं तर पैसे भरायचे.

कोरियन मी बघते. पोळ्या करताना, इअरफोन कानात घालून. हे बोलले नाही. "त्यात हिंदी डबिंगचं खूप आहे, सगळ्यांना चालेल," असं म्हणाले. सगळ्यांना म्हणजे मला.

आई अंगणात उन्हाची तिरीप धरून मटार सोलत होती. मि.ने हाक मारून विचारलं, "आई, तुम्हाला कोणतं पाहिजे?" ती म्हणाली, "मला काय, काही नको." मग वाडगा आत ठेवायला आली तेव्हा माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "मराठीचं काढ."

चला. तिनेच निकाल लावला. हलकं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार
शाळेत मधल्या सुट्टीत मराठीचं बंद केलं. बंद करतानाही ॲप विचारतं, का सोडताय? कारणांची यादी. 'वापर होत नाही' वर बोट ठेवलं. खाली 'तुम्ही पाहिलेलं' असंही एक बटण होतं. ते उघडलं नाही. घंटा झाली होती.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. इथे तरी खरं लिहावं.

११ जानेवारी, शनिवार
आईला आमच्याकडे येऊन उद्या अकरा महिने. बाबा गेल्यावर इथेच ग्वाल्हेरात, खासगी बाजाराच्या मराठी वस्तीत भाड्याच्या खोल्यांत एकटी होती, जिना चढवेना म्हणून मीच आणलं. यायला तयार नव्हती. "लेकीच्या घरी कशी राहू? जावई काय म्हणेल?" जावई बिचारा काही म्हणत नाही. पण ती अजून पाहुणीसारखी राहते. टॉवेल वेगळ्या दोरीवर, चहा सांगितल्याशिवाय घेत नाही, पंखा स्वतः लावत नाही.

थाटीपुरातली ही सरकारी क्वार्टरं. आजूबाजूला मराठी घर एकही नाही. शेजारच्या भाभी येतात, आई त्यांच्याशी तिच्या हिंदीत दोन वाक्यं बोलते आणि मग हसत राहते. खासगी बाजारात खाली जोशीकाकू, समोर शिंदे, दिवसभर खिडकीतून गप्पा. तिकडे एकटी म्हणत होतो आम्ही तिला.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. शाळा लवकर सुटली. टोपी बाजारातून बांगड्या घेऊन दोनला घरी. आई टीव्हीसमोर बसलेली, टीव्ही चालू, आवाज नाही. पडद्यावर मराठी ॲपची पाटी, 'आपली योजना निवडा'. तीन चौकोन, तीन किमती.

"काय बघतेयस?"

"काही नाही. त्याच्यात घड्याळ दिसतं ना वर कोपऱ्यात, ते बघत होते."

घड्याळ तिच्या डोक्यावर भिंतीवर आहे.

मी रिमोट घेऊन बंद केलं आणि तिळगूळ दिला. गोड बोल म्हणाली. मग लाडू चांगले झालेत म्हणाली. लाडू बाजारचे होते, तिलाही माहीत होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
रेवाने आजीला कोरियन मालिका लावून दिली. "आजी को तो कुछ भी लगा दो, ती बघते." खरंच बघितली दोन तास, हात मांडीवर ठेवून, कोणाच्या तरी लग्नात बसल्यासारखी. संध्याकाळी मी विचारलं, आवडली का. म्हणाली, "छान आहे. घरं स्वच्छ आहेत त्यांची." मग थोड्या वेळाने, "बोलतात हिंदी आणि ओठ वेगळेच हलतात. डोळे दुखतात गं."

दुसरं काही लावून देते म्हटलं. "नको, नको. तुमचं तुम्ही बघा." तुमचं तुम्ही. पोळी करपली त्या नादात.

२० जानेवारी, सोमवार
शाळेतून आले तर आई तयारीनेच बसली होती. "वंदू, माझं इंदूरचं तिकीट काढ. विजूकडे जाऊन येते." विजूमामा तिचा धाकटा भाऊ. किती दिवसांसाठी, म्हटलं. "बघू."

लगेच फोन काढला. नाव, वय अठ्ठ्याहत्तर, खालची बर्थ. पंचवीसची संध्याकाळची गाडी. पैसे भरायचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि तसंच थांबलं.

तिकीट काढ.

मराठीचं काढ.

तिकीट काढ म्हटल्यावर मी तिकीट रद्द नाही केलं. पास काढतात, विमा काढतात, पॉलिसी काढतात. तिने 'वर्षाचं काढ' म्हणायचं ते नुसतं 'काढ' म्हटलं, कारण घरात तिला वाटतं की एक शब्द बोलला तरी पुष्कळ झाला. आणि मी ऐकलं काय? 'निकाल दे', काढून टाक. हिंदी ऐकली. आईच्या तोंडून मराठी आणि माझ्या कानात हिंदी.

"झालं का गं?" तिने विचारलं. झालं म्हटलं. तिकीट झालं.

२१ जानेवारी, मंगळवार
कदाचित मीच जास्त विचार करतेय. कदाचित काढून टाक असंच म्हणायचं असेल तिला. दिवसभर हेच घोकत होते. नववीच्या वर्गात एकाच गणिताची दोन उत्तरं फळ्यावर लिहिली, पोरं हसली.

संध्याकाळी रेवाला सहज विचारल्यासारखं विचारलं, आजी मराठीवालं बघायची का गं?

"रोज. तुम्हाला नाही पता? मीच सिखाया ना तिला रिमोट. लिस्ट भी बना रखी थी उन्होंने, कॅलेंडरच्या मागे."

कॅलेंडर आईच्या खाटेच्या वर आहे. ती देवळात गेलेली. पान उलटलं. पेन्सिलने, तिच्या सुटसुटीत अक्षरात, चौदा सिनेमांची नावं. सहांपुढे बरोबरची खूण. दोन नावांपुढे 'परत बघणे'. एकापुढे, 'हे ह्यांच्याबरोबर पाहिलेले'. खाली दोन ओळी सोडून, 'बाकीचे फेब्रुवारीत'.

पान सरळ केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. आणि मी, शाळेतल्या बाईंनी, 'वापर होत नाही' वर बोट ठेवलं होतं.

२२ जानेवारी, बुधवार
मि.ला सगळं सांगितलं. "अगं, तर मग घे ना आता. प्रॉब्लेम क्या है?" त्याच्या हिशेबात सगळं इतकं सोपं असतं. घेतलं, वर्षाचं. त्याच्या क्रिकेटवाल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त निघालं. पाचांतलं सगळ्यात स्वस्त होतं ते, पाच तारखेलाही दिसत होतंच.

मी चुकीचं ऐकलं, हे कोणालाही सांगता येईल. हसतील सगळे, ग्वाल्हेरच्या मराठीचा आणखी एक किस्सा होईल. पण मी सोयीचं ऐकलं. दोन अर्थ होते आणि त्यातला ज्याने माझी मालिका टिकत होती तो मी उचलला, परत विचारलंसुद्धा नाही. "काढ म्हणजे घेऊ ना?" एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, म्हणून नाही विचारलं.

२३ जानेवारी, गुरुवार
आज सांगितलं. ती बॅग भरत होती, नऊवारी एकावर एक, मध्ये वर्तमानपत्र घालून. समोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी तू काढ म्हणालीस ते मी उलटं समजले. बंद करून टाकलं. तुला घे म्हणायचं होतं ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. एक घडी घातली, ती मोडून परत घातली.

"छे गं. मी बंदच कर म्हटलं होतं. उगाच कशाला पैसे? मी कुठे बघत होते?"

कॅलेंडर तिच्या डोक्यावर होतं. मी तिकडे बघितलं नाही, तिनेही नाही.

"आता घेतलंय मी, वर्षाचं."

"कशाला घेतलंस? मी तर चालले." मग पटकन, माझं तोंड बघून, "रेवा बघेल. तिची मराठी सुधारेल."

माझी आई आयुष्यात खोटं बोलायची नाही. दूधवाल्याने चार आणे जास्त दिले तरी परत द्यायला गल्लीच्या टोकापर्यंत जायची. आधी ते घड्याळाचं आणि आज हे, तेही किती सफाईने, मला वाईट वाटू नये म्हणून. 'यादी बघितली मी' म्हणायला हवं होतं. मग तिला कळलं असतं की तिचं खोटं उघडं पडलंय. नाही म्हटलं. हे बरोबर केलं की हीसुद्धा सोयच, ते मला ठरवता येत नाही.

काल आणि आज मिळून म्हटलं, जाऊ नकोस. तीन वेळा. प्रत्येक वेळी ती म्हणते, "अगं, कायमची थोडीच चाललेय." आणि प्रत्येक वेळी मी परतीचं तिकीट कधीचं विचारते तेव्हा, "बघू."

२५ जानेवारी, शनिवार
स्टेशन. गाडी दीड तास उशिरा, धुक्यामुळे. मि. कार लावायला गेला, आम्ही दोघी बाकावर. शेजारी एक बाई, आईच्याच वयाच्या, उज्जैनला निघालेल्या. त्यांनी मुलाला मराठीत काहीतरी सांगितलं आणि आईने मान वळवली.

मग दीड तास. माहेर कुठलं, सासर कुठलं, हळदीकुंकवाला काय लुटलं, गुडघ्याला कोणतं तेल, कोणाच्या सुनेने काय केलं. आई बोलत होती, हात हलवून, मध्येच हसून, त्या बाईंच्या मांडीवर थाप मारून. मी तिच्या पलीकडे थर्मास घेऊन. अकरा महिन्यांत माझ्या घरात ती एवढं बोलली नाही. मी शाळेतून येते, 'जेवलीस का' विचारते आणि कानात घालते.

बोलावं म्हणून मध्येच पुढे झाले, आणि तोंडातून निघालं, "आई, चाय दूँ?"

तिने चहा घेतला. परत त्यांच्याकडे वळली.

डब्यात बसवताना पाया पडले. "नीट राहा," म्हणाली. मीच म्हणायला हवं होतं ते.

२६ जानेवारी, रविवार
शाळेत झेंडावंदन. दहाला विजूमामाचा फोन, पोचली. मागे मामी आणि आई दोघी एकदम बोलत होत्या. "तिला दे ना," म्हटलं.

"हं, बोल वंदू."

"आई, परतीचं तिकीट कधीचं काढू?"

मामीकडे कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली.

"तुला कधी हवी आहे मी?"

रागाने नव्हती विचारत. खरंच विचारत होती, पाहुण्याने विचारावं तसं.

"आत्ता," म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर मलाच कळेना, हे आईला बोलावणं आहे की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवणं. तिलाही ते ऐकू गेलं असणार. तिला सगळं ऐकू जातं, दोन्ही अर्थांनी.

"बघू हं," म्हणाली. "विजू बोलावतोय."

फोन तिने ठेवला.