अर्धा सूर खाली

३ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. सभागृहाच्या संचालिकाबाई तुझं वाजवणं ऐकायला तुमच्या घरी येणार आहेत. मी त्यांना म्हटलं, पियानोच्या तारांत चिमटे अडकवण्याचे माझे उद्योग तुम्ही पुष्कळ ऐकलेत, आता माझ्या भावजयीला ऐका. ती काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरते आणि दुसऱ्याच वाजवते, मग त्या दाबलेल्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात. बाई म्हणाल्या की एवढं नाजूक काम आधी घरातच ऐकावं. तेव्हा महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळी, तुमच्या बैठकीच्या खोलीत, आपण दोघी आणि एक पियानो. मोजकी माणसं. आवडलं तर पुढच्या मोसमात त्या आपल्याला सभागृहात बोलावतील.

नाही म्हणायचं नाही. मागच्या वेळी तुझी दाढ दुखली, त्याआधी दादाला ताप आला. या वेळी घरात कोणीही आजारी पडायचं नाही असं माझ्या वतीने सर्वांना बजाव.

एक काम मात्र लगेच कर. पियानो आधीच उतरवून ठेव. ऐनवेळी उतरवला तर त्याला स्थिरावायला वेळ मिळत नाही. दादाच्या भरवशावर राहू नकोस, जाणता माणूस बोलाव आणि जपून उतरवायला सांग. म्हातारा आहे तो.

होकाराची वाट पाहते. असलेला लोभ दुप्पट करावा.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खुर्चीत बसून वाचलं, ते बरंच झालं. आजवर मी दाराला कडी लावून वाजवलंय, आणि तुम्ही तर पाहुण्यांना थेट आत आणून बसवताय. तरी होकार देते. अट एकच, सुरुवात तुम्ही करायची. तुम्ही शेजारी बसून वाजवत असाल तर मी मागून येईन. एकटीला मला जमणार नाही, हे आताच सांगून ठेवते, नंतर बोल लावू नका.

खरं सांगू का, आनंदही तेवढाच झालाय. भाजी चिरताना बोटं ओट्यावर चालायला लागतात. हे म्हणतात, एक पियानोत भांडी घासते, दुसरी त्याला अंगाई म्हणते, पाहुण्यांनी नक्की काय ऐकायचं? त्यांना म्हटलं, तुम्ही खुर्च्या मांडा.

तुमचं काम चोख झालं. पियानो लावणारे काका येऊन गेले. आधी त्यांना पटेचना, चांगला लागलेला पियानो उतरवायचा कशाला म्हणून हुज्जत घालत होते. मी म्हटलं, आमच्या वन्संचा हुकूम आहे, त्यांच्या चिमट्यांना सैल तारा लागत असतील. शेवटी सगळा पियानो बरोब्बर अर्धा सूर उतरवून दिला. मला तर आवाज आवडला, जरा गंभीर झालाय.

चुकलंमाकलं पोटात घालावं, लोभ आहेच.

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

अगं माझे आई, पियानो उतरव म्हणजे जिन्यावरून खाली आण! माडीवरच्या तुझ्या खोलीत पाहुणे मावणार नाहीत आणि बाईंचे गुडघे जिना चढू देणार नाहीत, एवढंच माझ्या मनात होतं. ध चा मासुद्धा झाला नाही, शब्द जसाच्या तसा पोचला आणि तरी पियानो माडीवरच राहून खाली आला. दुसऱ्या कोणा वहिनीने सरळ हमाल बोलावले असते. माझ्या नशिबी वाजवणारी वहिनी.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण आता घाबरले आहे. तुला माहीत नाही, कधी सांगायची वेळच आली नाही, की माझ्या कानात सूर लहानपणापासून खिळे ठोकावेत तसे पक्के आहेत. पांढरी दोन दाबली आणि काळी एक ऐकू आली की माझी बोटं गोंधळतात, पुढचं काही सुचत नाही. लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे गं. काकांच्या हातापाया पड आणि तारा पुन्हा चढवून घे.

उलट टपाली कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद


१६ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

कुठे तोंड लपवू असं झालंय. काकांना दोनदा विनवलं. ते म्हणाले, जुन्या तारा आहेत, आता लगेच चढवल्या तर पटापट तुटतील, आणि तुटल्या नाहीत तरी रविवारपर्यंत ठरणार नाहीत. वर हेही ऐकवलं की मी तेव्हाच सांगत होतो.

पियानो मात्र खाली आला. हमालांनी जिन्याच्या वळणावर तो असा काही तिरका धरला की मी डोळेच मिटून घेतले. हे वरून सूचना देत होते, त्या कोणी ऐकल्या नाहीत म्हणून सुखरूप उतरला.

पण वन्सं, तुम्हाला वाजवता येणार नसेल तर कार्यक्रम पुढे ढकलू या का? सुरुवात तुम्ही करायची असं आपलं ठरलंय. तुमच्याशिवाय मी त्या स्टुलावर बसणार नाही. यात माझी सुटका होतेय असं तुम्हाला वाटेल, आणि ते थोडं खरंही आहे.

राग धरू नये, धरलाच तर थोडक्यात आवरावा.

तुमची वहिनी


१८ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

काहीही ढकलायचं नाही. मी शनिवारी येते. चिमटे माझे मी आणते, धीर तू गोळा करून ठेव.

घाईत, पण लोभासह,
तुझी नणंद


२ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

घरी पोचले, पण अजून पाय जमिनीला लागत नाहीत. तुझी पाठ लोकांकडे होती, आणि नंतर तू स्वयंपाकघरात जी पळालीस ती पाहुणे गेल्यावरच बाहेर आलीस. म्हणून काय काय घडलं ते मीच सांगते.

ठरल्याप्रमाणे सुरुवात मी केली. जमवीन असं खरंच वाटलं होतं. पहिलीच ओळ कानात वाकडी शिरली. मी सावरायला गेले, आणखी चुकले, आणि हात पट्ट्यांवरून उचलले ते उचललेलेच राहिले. दादाचा चेहरा पाहवत नव्हता. मला वाटलं, संपलं. वहिनी आता उठेल.

तेवढ्यात तू माझ्या कानाशी म्हणालीस, सरक. लग्न होऊन आल्यापासून मला अहोजाहो करणारी तू, आणि सरळ 'सरक'. मी इतकी दचकले की स्टुलावरून उठूनच उभी राहिले. तू मधोमध सरकलीस, डाव्या हाताने चार पट्ट्या आवाज न करता दाबल्यास आणि उजव्याने एकच सूर दिलास. त्या न वाजवलेल्या तारा गुणगुणायला लागल्या तसे बाईंनी डोळे मिटले. पहिल्या रांगेतले तुमचे ते दातांचे डॉक्टर पुढे वाकले ते शेवटपर्यंत तसेच वाकलेले होते.

मग मला उमजलं की उभ्या उभ्या माझे हात थेट तारांपर्यंत पोचतात. तिथे कुठली पट्टी काय बोलते याच्याशी मला काही देणंघेणंच नव्हतं. तू सूर जागा करायचास आणि मी त्यावर चिमटा लावायचा, रबर टेकवायचं, नाहीतर तळव्याने नुसतं थोपटायचं. तू थांबलीस की मी हात काढून घेत होते, आणि सगळा पियानो मोकळा श्वास सोडत होता. वहिनी, इतकी वर्षं वाजवतेय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला होता, तो बहुतेक अजून आहे.

गंमत ऐक. जाताना एक गृहस्थ दादाला म्हणाले की तुमच्या सौ. छानच वाजवतात, पण त्यांच्या मदतनीस बाईही हुशार दिसल्या. दादा हे आता सगळ्या गावाला सांगणार. सांगू दे. मी इतकी खूश आहे की मला मदतनीस म्हणून मिरवायलाही आवडेल.

बाई तुला या आठवड्यात भेटायला येणार आहेत. तू काय म्हणशील या विचाराने मी इकडे येरझारा घालतेय. तुझ्यावर जोर करणार नाही. पण नाही म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल, हेही लपवणार नाही.

तुझ्या लोभाची हावरी,
नणंद


७ मार्च

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

तोंडून 'सरक' निघून गेलं, आता पुन्हा अहोजाहोवर जायला जीभ वळत नाही. तेव्हा तूच म्हणते.

तुझे हात थांबले तेव्हा मी खरंच उठणार होते. स्वयंपाकघराचं दार कुठे आहे तेही पाहून ठेवलं होतं. पण तुझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या लोकांना आजवर थक्क करणारी तू, आणि पाटी हरवलेल्या मुलीसारखी दिसत होतीस. मी उठले असते तर तू त्या सगळ्यांसमोर एकटी पडली असतीस. मग भीती कुठे गेली कोण जाणे. त्या घटकेला मला फक्त तुझा राग येत होता, की ही अजून का सरकत नाही.

बाई काल येऊन गेल्या. पुढच्या मोसमाची तारीख घेऊनच आल्या होत्या. चहा निवेपर्यंत मी तो ढवळतच बसले. हे दारात उभे राहून खुणा करत होते, हो म्हण म्हणून. मी बाईंना म्हटलं की मी वाजवीन आणि माझी नणंद तारांपाशी उभी राहील, दोघी असू तरच. त्यांनी विचारलं, वन्संची संमती घेतलीत का? मी म्हटलं, घेतली.

घेतलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. पण दोघींच्या वतीने होकार देऊन बसले आहे, तेव्हा आता लोभ असो वा नसो, तुला यावंच लागेल.

तुझी,
वहिनी