दोन टक्क्यांचा सूड

सोमवार, ४ मार्च

आज ठरलं. कार्ड मशीनवाल्या कंपनीला धडा शिकवायचा.

फेब्रुवारीचं स्टेटमेंट आलं. कार्डाच्या विक्रीतून शंभरामागे दोन कापलेत. रंग मी आणायचा, मी ढवळायचा, फिकट पिस्ता आणि अतिफिकट पिस्ता यांतला फरक गिऱ्हाइकाच्या बायकोला मी समजावायचा, आणि मधल्यामधे एक काळं डबडं ‘टिंग’ करून दोन टक्के गिळणार. एवढी भागीदारी मी सख्ख्या भावाला दिली नाही.

हातगाडीवर कुलपं विकत इथवर आलोय. टोप्या घालणारे पुष्कळ पाहिले. रागावलेलो नाही. मी रागावत नाही. फक्त सूड घेणार आहे.

मंगळवार, ५ मार्च

डाव पहिला. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून दोन टक्के जादा. पाटी स्वतः रंगवली, लाल. दुकान रंगाचं, तिथे काटकसर कशाला.

संध्याकाळपर्यंत तिघांनी पाटी वाचली. तिघेही रस्ता ओलांडून समोर गेले. समोर माझ्या साडूचं दुकान. तेही रंगाचं आणि हार्डवेअरचंच. धंदा त्याला मी शिकवला, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

ही म्हणाली, पाटी काढा. म्हटलं, वाळू तरी दे.

बुधवार, ६ मार्च

पाटी काढली. भिऊन नव्हे. शत्रूला आपली चाल कळू नये म्हणून.

शुक्रवार, ८ मार्च

डाव दुसरा. मशीन ड्रॉवरमध्ये कोंडलं. कार्ड दाखवणाऱ्याला सांगायचं, बिघडलंय.

एका बाईंना चेहरा पाडून सांगत होतो, तेवढ्यात ड्रॉवरमधून ‘टिंग’. बाई समजूतदार. समोर गेल्या.

सोमवार, ११ मार्च

कंपनीचा टायवाला येऊन गेला. महिन्यातून एकदा येतो, मशीनच्या कागदाची गुंडाळी देतो, जणू स्वतःच्या खिशातून देतोय. मी गोड बोललो. चहा पाजला.

माझे कान तिखट आहेत. जाताना तो दारात फोनवर कुणाला तरी सांगत होता, की बारीकसारीक व्यवहार कंपनीला परवडतच नाहीत, म्हणून तर... पुढे हिने रंग ढवळायचं यंत्र चालू केलं. पुढचं ऐकायची गरजही नव्हती.

हे माझ्याइतकं कोण जाणतो? एकेक स्क्रू मागणारं गिऱ्हाईक दुकानदाराला कसं पोखरतं! पुडी बांधा, बिल करा, त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करा, आणि नफा शून्य. अशी पाचसहा आली की दिवस बुडाला.

आता मी कंपनीचं तसलं गिऱ्हाईक होणार.

मंगळवार, १२ मार्च

डाव तिसरा. जबरदस्त. बिल एकदम घ्यायचंच नाही. ब्रश वेगळा, टर्पेंटाइन वेगळं, पॉलिश पेपर वेगळा. जितक्या वस्तू तितके स्वाइप.

एका आजोबांनी सहा बिजागऱ्या नेल्या, सहा वेळा कार्ड लावलं. कारण विचारलं. म्हटलं, तुमच्या सुरक्षेसाठी. खूश झाले. त्यांच्या बँकेतसुद्धा एवढी काळजी घेत नाहीत म्हणाले.

मशीनला हात लावून पाहिला. तापलं होतं. बरं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

आठवडाभर टिंग टिंग. कंपनीच्या ऑफिसात पळापळ चालू असणार.

हिने विचारलं, हे कंपनीला महाग पडतं असं सांगितलं कोणी? म्हटलं, कंपनीनेच. मग म्हणाली, करारपत्र एकदा वाचा. करारपत्र वाचणारे नोकऱ्या करतात. धंदा कानांवर चालतो.

मेहुणीने समोरून हिला फोन केला. भावोजींची तब्येत बरी आहे ना, म्हणून.

बुधवार, २० मार्च

रंगाचा ठेकेदार आला होता. आपलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. गल्ल्यातला चौथा हिस्सा त्याचा. त्याला नव्या हॉटेलचं काम मिळालंय. परवा चाळीस मोठे डबे नेणार, आणि काम संपेपर्यंत सगळा माल आपल्याकडूनच. हॉटेलमालकाने खर्चाला स्वतःचं कार्ड दिलंय, त्यामुळे पैसे कार्डाने.

हिचा चेहरा खुलला. गोदामाचं भाडं थकलंय, ते यात फिटेल. नाही फिटलं तर महिनाअखेर गोदाम खाली करायचंय. मग हळूच म्हणाली, “अहो, याचं तरी एका फटक्यात घ्या.”

मी नुसता हसलो. चाळीस डबे! कंपनीचा कणा मोडणार.

शुक्रवार, २२ मार्च

ठेकेदार टेम्पो घेऊन आला. पाचव्या डब्यापर्यंत हसत होता. दहाव्याला घड्याळ बघू लागला. मी धीर दिला.

तेराव्याला मशीनने ‘टिंग’ केलंच नाही. कार्ड नाकारलं. परत नाकारलं. मग त्याला हॉटेलमालकाचा फोन. मालकाला बँकेने कळवलं होतं, तुमच्या कार्डावरून कोणीतरी लागोपाठ पैसे काढतंय, कार्ड बंद केलंय. मालकाचा आवाज फोनबाहेर येत होता. ऐकायला तिखट कान लागत नव्हते.

ठेकेदाराने कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाला, “शेठ, मालक मला चोर म्हणाला. इतकी वर्षं काम करतोय, असं कोणी म्हटलं नव्हतं.”

बारा डबे खाली उतरवले. पैसे परत करायचे, तेही बारा वेळा. टेम्पो वळवायला जागा नव्हती, तरी वळवला.

दुपारी हॉटेलमालक स्वतः दुसरं कार्ड घेऊन आला. समोर. साडूने चाळीस डब्यांचे पैसे एकदम घेतले. एकच ‘टिंग’. इथपर्यंत ऐकू आलं.

ही माघार नव्हे. दम खातोय.

सोमवार, १ एप्रिल

गोदाम खाली केलं. डबे झोपायच्या खोलीत रचले. पलंगाला वळसा घालून जावं लागतं. डोकं दुखतं, ते वासाने.

मार्चचं स्टेटमेंट आलं. हिने मोठ्याने वाचलं. दोन टक्के आहेतच. शिवाय दर स्वाइपमागे ठरावीक आकार, एक बिजागरी असो की चाळीस डबे. पैसे परत केले, त्यालाही. करारपत्राच्या पहिल्याच पानावर आहे म्हणे. बारीक व्यवहार परवडत नाहीत म्हणून तर हा आकार लावतात. टायवाला दारात हेच बोलत असावा.

म्हणजे आजोबांना बिजागऱ्या मी पदरमोड करून दिल्या.

हिने कागद घडी करून गल्ल्यात ठेवला. बोलली असती तर भांडता आलं असतं.

शनिवार, ६ एप्रिल

टायवाला आला. बरोबर त्याचे साहेब आणि एक फोटोवाला. मी बाह्या सरसावल्या.

साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. या भागात मार्च महिन्यात सर्वाधिक व्यवहार माझ्या दुकानात झाले. दुसरा नंबर माझ्या पासंगालाही पुरत नाही. प्रशस्तिपत्र दिलं, ‘आदर्श व्यापारी’. तुमच्यासारख्यांवरच कंपनी उभी आहे म्हणाले. बक्षीस म्हणून आणखी एक मशीन.

समोर साडू टाळ्या वाजवत होता.

साहेबांनी विचारलं, कंपनी तुमच्यासाठी अजून काय करू शकते? निःसंकोच सांगा.

ही माझ्या मागेच उभी होती. कानात म्हणाली, “एखादा ठेकेदार मिळेल का, विचारा.”

विचारलं नाही. फोटोवाल्याने हसा म्हटलं. हसलो.