तलावाकाठी आता झाडायचं नाही

इंदूर, बुधवार

दादास गयाचा जयभीम. वहिनीलाही सांग.

माझी नोकरी गेली असं माझ्या पोरानं तुला फोनवर सांगितलं. त्याला अर्धं ऐकून पूर्ण बोलायची सवय आहे. नोकरी आहे, झाडू गेला.

आमच्या झाडांच्या बगीच्यात छोटा तलाव आहे ना, तिथे नवी मॅडम आली. काठावरचा पाला उचलायचा नाही म्हणते, तिथेच सडू द्यायचा. गवतही कापायचं नाही. आता कमरेएवढं वाढलंय, पायऱ्या दिसत नाहीत, बदकं आत अंडी घालतात. अख्खं इंदूर चकाचक आणि इथे जंगल. असो, तलाव काही माझ्या बापाचा नाही.

झाडायचं नाही तर मला ठेवतील कशाला, म्हणून महिनाभर अन्न गोड लागलं नाही. ते सोड.

सोमवारी मॅडम पाण्याची हद्द दाखवायला खुंट्या घेऊन आली. पाणी कधी कुठपर्यंत असतं ते तिला कागदात सापडेना. मी म्हटलं, "अकरा वर्षं पाण्यापर्यंत मीच झाडलंय, मला विचारा ना." चौदा एप्रिलला पाणी कुठे, पोळ्याला कुठे, दिवाळीला कुठे, सगळं चालून दाखवलं. म्हणाली, "गयाबाई, कल से आप मेरे साथ."

थंडीपर्यंत काम पक्कं. पुढचं कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतोस की नुसती बाटली बघतोस?

मी राहायला येणार म्हणून वहिनीनं खोलीतून शिलाई मशीन बाहेर काढलं म्हणे. ते परत जागेवर ठेवायला सांग. रविवारी मला न्यायला येऊ नकोस.

तुझी बहीण,
गया