मशीनच्या दाराची तार

अहो,

डाळ कुकरमध्ये आहे, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्यात. ड्युटीवरून आलात की जेवून घ्या. मी सायली गावाला, आमच्या कंपनीत चाललेय. आज सुट्टी आहे, पण सुपरवायझरचा फोन आला, साहेबांना माझ्याशी बोलायचंय म्हणे. नाक्यावर गाडी पाठवतायत.

परवा मीटिंगमध्ये मी सरळ सांगून टाकलं, की माल वाढवायला मशीनचं सेफ्टी दार तारेने उघडंच बांधून ठेवता, म्हणून माझ्या शेजारच्या मशीनवरच्या गुड्डीची बोटं गेली.

तुम्ही म्हणाल, त्या ऑफिसच्या मालिकेने हिचं डोकं फिरवलं. फिरवू द्या. तिथलं गोडगोड खोटं असतं हे मलाही कळतं. पण ती माणसं एकमेकांसाठी बोलताना बघून पोटभर हसले, की दुसऱ्या दिवशी मला गप्प बसवत नाही. आणि तिथला साहेब शेवटी ऐकतोच.

एकटी ये, मोबाईल आणू नको, असं सुपरवायझर म्हणालेत. तो टीव्हीच्या मागे ठेवलाय. तार बांधलेल्या दाराचा फोटो त्यात आहे.

आजचा भाग माझ्याशिवाय बघू नका. उशीर झालाच, तर मोबाईल घेऊन आधी गुड्डीच्या घरी जा. मला शोधायला एकटे येऊ नका.