पाचवा सुरुंग

मी, गहिनीनाथ भिमाजी लवांडे, वय बासष्ट, धंदा शेती, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने, माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीचे माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी झुंबरबाई हिला. ती हयात आहे तोवर मुलांनी वाटणीचा शब्द काढू नये.

२. बैलजोडी, औजारे व ओढ्याकडची तीन एकर धाकटा मच्छिंद्र यास. थोरला गोरक्ष यास माळाची पाच एकर. माझा लोकरी कोट मात्र गोरक्षाला देऊ नये. न विचारता त्याने तो मेहुण्याच्या लग्नात मिरवला आहे.

३. विहिरीलगतची दोन एकर व विहिरीच्या पाण्याचा निम्मा हक्क रंगुबाई पुंजाराम हिला, कायमचा. मुलांना हे पटणार नाही, म्हणून कारण लिहितो.

गेल्या माघात, दुष्काळामुळे, विहीर आणखी खोल नेली. पुंजाराम तळाशी पहार मारी, त्याची बायको रंगुबाई वर दगड वाही. मी मालक, म्हणून काठावर बसून सुरुंग मोजी. त्या दिवशी पाच ठासले होते. मी पाच आवाज मोजले आणि पुंजारामला उतर म्हणालो. त्यातला एक शेजारच्या सहादेवच्या विहिरीचा होता. आमचा राहिलेला सुरुंग पुंजारामच्या पहारीखाली उडाला आणि तो जागीच गेला.

मला शंका आली नव्हती असे नाही. पण उतरायचे मला नव्हते, म्हणून ती फार टिकली नाही. दुष्काळ सगळ्यांवर सारखाच आला असे आम्ही पारावर म्हणतो. ते खोटे आहे. पाणी मला लागले, जीव त्याचा गेला.

महिन्याने मी रंगुबाईजवळ कबूल केले. ती म्हणाली, "चारच झालं हुतं, मालक. मी बी मोजलं. ह्यांना म्हनले, उतरू नगा. तर म्हनले, मालकानं पाच मोजल्यात."

४. ही विहीर पुन्हा खोल न्यायची झाल्यास, सुरुंग जो मोजील त्यानेच आधी तळाशी उतरावे. माझ्या मुलांसही हे लागू. जो मानणार नाही त्याचा पाण्यावरचा हक्क रंगुबाईकडे जाईल.

जिला मिळायचे तिने साक्ष घालू नये, असे हा कागद लिहून देणाऱ्याने सांगितले. म्हणून रंगुबाईस फक्त वाचून दाखविले. तिने कलमे बोटांवर मोजली व चार सांगितली. मग मी मोजली. चारच आहेत.

तिसगाव, ता. १२ जून १९७३

सही: गहिनीनाथ भिमाजी लवांडे

साक्षीदार:
१. सहादेव, शेजारी (अंगठा)
२. राधाकृष्ण, शाळामास्तर (सही)