बाबांची नाळ आणि मुलींची पॅड

तीर्थस्वरूप आत्यास,

बाबांची नाळ आपल्या बागेत नक्की कोणत्या केळीच्या बुंध्याशी पुरली आहे? मला उत्तर देता येत नाही, माझ्या पदवीला तर मुळीच देता येत नाही, आणि गेले नऊ दिवस घरात दुसरा विषय नाही. (आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी होती. कसे आहेत? माझे मी तुझ्यापुढे टेकले आहेत असं समज.) फोनच करणार होते, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि मासाकाच्या तुझ्या दुकानात साखर घ्यायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मध्ये सल्ला देतं.

केळीच्या सोपटांच्या धाग्यापासून मी पाळीची पॅड करते आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. कंपालाहून शिकून आले ती हेच डोक्यात घेऊन. आपल्या शाळेतल्या सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी बसतात, कारण दुकानातलं पाकीट परवडत नाही आणि चिंध्यांचा बाकावर भरवसा नाही. आणि इकडे पाणी शोषून घेणारे बुंधेच्या बुंधे परसात कुजतात. दादाची नाबातांझीही त्या मुलींतलीच. यंदा तिची प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा, आणि सराव परीक्षेचे दोन पेपर तिने अंथरुणावर पालथं पडून घालवले. म्हणून मी घाई केली. घड उतरलेली केळच कापायची असते, पण बाराव्या वर्षापासून वसतिगृहात राहिलेल्या मुलीला हे कोण सांगणार? मी आपले जाडजूड, सरळ, देखणे अकरा बुंधे बघून कापले. ते बाबा ज्यांच्या फळांची दारू घालतात त्या केळींचे निघाले. बाबा आले, एकेक करून खुंट मोजले आणि म्हणाले, "बाळ, विद्यापीठात घड दाखवत नाहीत का गं?"

दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. शेजारच्या नालोंगोने (तिला जुळी झाल्यापासून तिला सगळं कळतं) कुंपणावरूनच निदान केलं, की मुलाची नाळ दारूच्या केळीखाली पुरतात, तेव्हा या पोरीने बापाचीच केळ तोडली. तेव्हापासून जो येतो तो वेगळ्या खुंटाकडे बोट दाखवतो. मी म्हटलं, केळीला पिल्लं फुटतात, सहा महिन्यांत ती पुन्हा उभी राहील. बाबा म्हणाले, तोवर मी आडवाच राहू का? त्याहून वाईट म्हणजे, त्याच बागेतला धागा 'त्या' कामाला जातो म्हटल्यावर त्यांनी घातलेली दारू कोणी तोंडाला लावत नाही. पुरुष येतात, पाठीची विचारपूस करतात, मडक्याकडे बघतात आणि डॉक्टरने मना केलंय म्हणून उठतात. (सहा जणांना, एकाच आठवड्यात. गावात डॉक्टर नाही.)

पॅडचं म्हणशील तर पहिली खेप फसली. धागा शोषून घ्यायचा चांगला, पण वाळला की पापडासारखा. नालोंगो माझ्यासाठी शिवतेही आणि वापरूनही बघते, ती रविवारी पाद्रीबाबांना नमस्कार करायला वाकली आणि गुडघे टेकताच कर्रकन आवाज झाला. पाद्रीबाबांनी तिच्या सांध्यांसाठी प्रार्थना केली. आपल्याकडे मुलगी दिवसातून वीस वेळा कोणा ना कोणापुढे गुडघे टेकते. म्हणजे गावभर दवंडीच. मी तीन दिवस धागा उकळला, सोडा घातला, रडले. शेवटी नालोंगोच म्हणाली, "अगं शिकलेले, झाडाची साल कुटून कापड करतात ती मोगरी माळ्यावर पडलीय, ती घे की." सालीच्या कापडासारखाच धागा कुटला आणि आता तो असा मऊ झाला आहे, की नालोंगो दिवसभर मुद्दाम उठते, टेकते, पुन्हा उठते. पाद्रीबाबा आपल्या प्रार्थनेवर खूश आहेत.

तर माल तयार आहे. मुख्याध्यापिका कासुले बाई शाळेच्या कपाटात ठेवायला तयार आहेत. अडलं आहे ते आयांपाशी. त्या म्हणतात, असल्या गोष्टी मुलीला तिच्या आत्याने सांगायच्या, पदवीने नाही. आणि गावातल्या बाकीच्या आत्या म्हणतात, सगळ्यांत थोरली मासाकाला बसली आहे, ती बोलली तर आम्ही बोलू. शुक्रवारी दुपारी कासुले बाईंनी सातवीचा वर्ग मोकळा ठेवला आहे. सोमवारी परीक्षा. नाबातांझी दिवस मोजते आहे, आणि तिचे दिवस नेमके सोमवारीच येताहेत.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या तब्येतीला जप.

तुझी भाची,
नान्योंगा

ता. क. : तुला नुसती खुशाली कळवायला लिहिलेलं नाही, हे ओळखलंच असशील. शुक्रवारी ये. दुकानात तू विकतेस ती परदेशी पाकिटं वाईट आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही (म्हटलं होतं, पण फक्त दोनदा). आणि येशील तेव्हा बागेतल्या एखाद्या उभ्या केळीकडे बोट दाखवून, माझ्या भावाची नाळ इथे, असं ठामपणे म्हण. खरं असलंच पाहिजे असं नाही. मी सत्याची कड घेणारी मुलगी आहे, पण बाबांना उठवायला हवं.

ता. ता. क. : पत्र टॅक्सीवाल्याकडे दिलं होतं, ते त्याने आज शनिवारी जसंच्या तसं परत आणून दिलं. गाडी बिघडली होती म्हणे. म्हणजे काल तुला काहीच माहीत नव्हतं आणि इथे पंचेचाळीस मुली बसल्या होत्या. दारात आया उभ्या. थोरली कुठे आहे, अशी कुजबुज. नाबातांझीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं, की तिच्या बापाची बहीण मीच. लग्न न झालेली आत्या बोलत नसते, हे मला ठाऊक आहे आणि तू रागावशील हेही. मी आयांना सांगितलं, नाबातांझीची आत्या आली आहे. मग दार आतून लावून घेतलं, आणि पहिल्या पाळीपासून पॅड धुवून वाळवण्यापर्यंत सगळं सांगितलं.